मेडिकलचा आठवडा

आमच्या घरी वर्षातून एकदा मेडिकलचा आठवडा यायचा. गणपती-दिवाळीच्या तारखा पंचांगात असत, याची तारीख नवऱ्याच्या कंपनीतल्या नोटीस बोर्डावर लागायची. कंपनी मानेसरला होती, मोटारींचे सुटे भाग करणारी, आणि नवरा तिथे क्वालिटीत होता. आम्ही पुण्याहून दिल्लीला आलो तेव्हा मानेसर म्हणजे शेतं आणि शेतांच्या मधोमध पत्र्याच्या उंच शेड्स होत्या. आम्ही राहायचो ती दिल्लीतली द्वारका म्हणजे नुसत्याच इमारती. रस्ते आखलेले, झाडं लावलेली पण गुडघ्याएवढी, मेट्रोचे खांब उभे आणि त्यांच्यावर काहीच नाही. पहाटे सोसायटीच्या फाटकाशी कंपनीची बस यायची आणि आमच्या इमारतींमधले पुरुष डबे घेऊन तिच्यात चढायचे.

मेडिकल म्हणजे कंपनीची वार्षिक तपासणी. वजन, रक्त, लघवी, ब्लड प्रेशर आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. शेवटी एकच शेरा, फिट किंवा अनफिट. अनफिट माणसाला काढून टाकत नसत, पण त्याला परदेशी ट्रेनिंगला पाठवत नाहीत, बढतीच्या वेळी साहेब जरा विचार करतात, अशी बसमध्ये पक्की समजूत होती. ती खरी होती की खोटी हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी अनफिट झालाच नाही, तर कळणार कसं?

कारण आमची माणसं परीक्षेला तयारीनिशी बसणारी. स्कॉलरशिप, बोर्ड, इंजिनिअरिंग, मग मुलाखती, अशा परीक्षा देत देतच ती इथवर आली होती. परीक्षा म्हटली की अभ्यास, आणि अभ्यास म्हटला की शेवटचा आठवडा, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. तेव्हा शरीराची परीक्षा असेल तर शरीराने अभ्यास करायचा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. "उद्यापासून मेडिकलचा आठवडा," असं नवरा म्हणाला की मी पिशवी घेऊन दुधी आणायला निघायचे.

सकाळी दुधीचा रस. डब्यात अळणी भाजी आणि कोरडी पोळी. रात्री मुगाची खिचडी, तीही तुपाशिवाय. पापड, लोणचं, शेव यांची बरणी वरच्या फळीवर. सिगरेट बंद, चहा बिनसाखरेचा, लवकर झोप. मुलगी तेव्हा शाळेत होती आणि दिल्लीत वाढत असल्यामुळे तिचं मराठी इथल्या कुंडीतल्या तुळशीसारखं, जेमतेम जगलेलं. "बाबांचं पथ्य चाललंय," असं मी म्हटलं तर ती क्षणभर बघत राहायची आणि मग म्हणायची, "अच्छा, परहेज!" त्या आठवड्यात जिन्यात भेटणाऱ्या बायकांचं बोलणं एकच असे. अळणी आमटीला लिंबू बरं की आमसूल? दुधी किसून करायचा की वाफवून?

मग मेडिकल व्हायचं. नवरा संध्याकाळी बसमधून उतरायचा तोच पेढे वाटण्याच्या तोंडाने. "एकदम पुस्तकातला आकडा," असं दारातूनच सांगायचा. आणि त्या रात्री परीक्षा संपल्याचा समारंभ. बटाटेवडे, तळलेले पापड, खारवलेल्या मिरच्या, पुण्याहून आलेलं लोणचं, आणि शेवटी बाल्कनीत उभं राहून सिगरेट. या माणसाचं मिठावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम होतं, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. द्वारकेत तेव्हा बोअरचं पाणी यायचं, ते चक्क खारट. सगळी सोसायटी त्या पाण्याच्या नावाने बोटं मोडायची आणि हा म्हणायचा, "मला तर इथलं पाणीसुद्धा चवीचं लागतं."

(तोंडावर मी त्याला "अहो"च म्हणते. लिहिताना "तो" म्हणायला बरं वाटतं, म्हणून लिहितेय.)

त्याच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. कंपनीला नटबोल्टपासून रबरापर्यंत माल पुरवणारे छोटे कारखाने होते, फरिदाबादला, गुडगावला, कुठे कुठे. त्यांची तपासणी करणं हा याच्या कामाचा मोठा भाग. आणि बाकीचे इंजिनिअर आधी फोन करून जात, हा कधीच सांगून जात नसे. घरी येऊन मला रंगवून सांगायचा. "सांगून गेलं की सगळे कारखाने देवघरासारखे. जमीन पुसलेली, कामगारांच्या डोक्यावर टोप्या, भिंतीवर तक्ते. अगं, आठवडाभर कुणीही शहाणं वागतं. मला त्यांचा मंगळवार बघायचा असतो." पुरवठादार त्याला वचकून असत. त्याला याचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

त्या वर्षीचं मेडिकल होऊन महिना झाला असेल. रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात माझ्या बरण्यांसाठी फळी बसवत होता. फळी सरळ आहे का हे बघताना एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकायची त्याची सवय. नेहमी उजवा मिटायचा, त्या दिवशी अवघडून उभा होता म्हणून डावा मिटला. मग म्हणाला, "खालच्या बाजूला हा डाग कसला पाडलास?" मी म्हटलं, कसला डाग? त्याने फडक्याने पुसलं. पुन्हा पुसलं. मग फळीवरून नजर काढून भिंतीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डाग सगळीकडे होता. मला म्हणाला, "तुझी हनुवटी दिसत नाही."

दुखत काहीच नव्हतं. लाली नाही, पाणी नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवले की सगळं ठीक वाटायचं, त्यामुळे तो दोन्ही उघडे ठेवून आठवडाभर ऑफिसला गेला. नंबर बदलला असेल, कॉम्प्युटरचा ताण असेल, हायवेची धूळ असेल. शेवटी चष्मेवाल्याकडे गेला, आणि चष्मेवाल्याने त्याला काच न विकता परत पाठवलं, तेव्हा मी घाबरले. गिऱ्हाईक सोडतो म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मला दुकानदारीतलं कळतं.

दक्षिण दिल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, पंजाबी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. थेंब घालून बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्हाला बाहेर बसवलं. मग नवऱ्याची हनुवटी त्या यंत्राच्या पट्टीवर टेकवून त्यांनी आधी उजवा डोळा पाहिला. तो चटकन पाहून झाला. मग डावा. तो मात्र त्या बघतच राहिल्या. ऊपर देखिए, नीचे देखिए, नाक की तरफ. मला वाटलं चुकून चांगल्याच डोळ्याला धरून बसल्यात की काय.

उजव्या डोळ्याचं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर शुद्ध रक्ताची धमनी आणि अशुद्ध रक्ताची शीर काही ठिकाणी एकमेकींना ओलांडून जातात, आणि तिथे दोघी एकाच वेष्टनात असतात. धमनी कडक झाली की शेजारणीला दाबते. रबरी नळीवर कुणी पाय दिला की मागे पाणी तुंबतं, तसं रक्त तुंबतं आणि पडद्यात झिरपतं. पडद्यावर चित्र उलटं पडतं, आणि वरच्या भागातली शीर बंद झाली होती, म्हणून खालचं दिसत नव्हतं. रक्त शोषलं जाईपर्यंत काही महिने थांबायचं, मग गरज वाटली तर लेझर. दृष्टी किती परत येईल याचं वचन त्या देणार नव्हत्या.

"का झालं?" नवऱ्याने विचारलं. कारण शोधणं हा त्याचा धंदाच.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. ब्लड प्रेशर? नाही. डायबिटीस? नाही. कोलेस्टेरॉल? काठावर, पण मर्यादेच्या आत. डोळ्यांत काचबिंदू कधी सांगितला होता? नाही. रक्त घट्ट होण्याचा काही आजार? नाही. घरात कुणाला? वडिलांना प्रेशर होतं, पण ते म्हातारपणी. सिगरेट? "कभी-कभी," असं हा म्हणाला आणि मी खोकले. कुठली गोळी चालू आहे? नाही. एकेका "नाही"ला तो जास्त ताठ बसत गेला. आणि मग त्याने पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांचे सगळे मेडिकलचे रिपोर्ट, क्रमाने लावलेले, प्रत्येकावर फिट.

बाईंनी फाइल शांतपणे चाळली. मिटली. मग म्हणाल्या, "जिस आँख में तकलीफ़ नहीं है, मैंने उसको ज़्यादा देखा. उसकी नसें बरसों का बीपी बता रही हैं. आपकी फाइल एक बात कहती है, आपकी आँख दूसरी. मैं आँख की मानती हूँ."

नवरा हसला. पाहुण्याच्या चुकीकडे दुर्लक्ष करताना हसतात तसं. बाई हसल्या नाहीत. डाव्या डोळ्यातही शिरांवर धमन्यांचे तसेच दाब पडलेले दिसताहेत, असं त्यांनी सांगितलं. उजव्याचं व्हायचं ते होऊन गेलं. डावा वाचवायचा असेल तर प्रेशर खरोखर किती असतं ते कळलं पाहिजे, आणि आवरलं पाहिजे. तिथे नर्सने मोजलं ते जरा जास्त आलं, तर हा म्हणाला, डॉक्टरांना बघून माझं वाढतं. तसंही होतं म्हणाल्या. मग एक आठवडा रोज मोजून घ्या आणि आकडे घेऊन या. दारापर्यंत गेल्यावर पुन्हा हाक मारून सांगितलं, "जैसे रहते हैं, वैसे ही रहिएगा."

आम्ही टॅक्सीने परत आलो. त्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सहन होत नव्हता, म्हणून माझी ओढणी डोळ्यांवर घेऊन बसला होता.  माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हा गाडी चालवतो, हा मापं बघून पोट भरतो, आणि दुसराही डोळा गेला तर या माणसाचं काय उरेल?  द्वारकेचे खांब दिसायला लागले तेव्हा ओढणीखालून आवाज आला.

"आठवडाभर मोजायचंय म्हणजे उद्यापासूनच सुरू करू. दुधी आहे का घरात?"

आणि मी, इतकं सगळं ऐकून आलेली बाई, म्हटलं, "संध्याकाळी आणते."

यावर आज मुलगी माझी टर उडवते. जैसे रहते हैं वैसे, इतकं सोपं हिंदी तुम्हाला कळलं नाही का, असं विचारते. कळलं होतं. पण आकडे कुणाला तरी दाखवायचे आहेत म्हटल्यावर ते चांगलेच आणायचे असतात, यापलीकडे आमचं डोकं चालतच नसे. दुधीचा रस सुरू झाला. खिचडी सुरू झाली. रोज संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन प्रेशर मोजून यायचा आणि दारातून सांगायचा, "पुस्तकातला." तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर म्हणाला, "त्या बाई जरा जुन्या पद्धतीच्या आहेत. फाइल बघून त्यांनी समजायला हवं होतं."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. त्या बाईंचं डाव्या डोळ्यावर खिळून राहणं डोक्यातून जात नव्हतं. आता आपण चांगले आकडे घेऊन जाणार, त्या म्हणणार बरं, आणि डावा डोळा तसाच राहणार. हा पास होईल आणि डोळा जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं, पण आकड्यांपुढे बोलणार काय?

शुक्रवारी दुधाच्या बूथवर समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण भेटली. मुंबईची. तिचा नवरा याच कंपनीत अकाउंट्सला, याच बसमध्ये. माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या दुधीकडे बघून म्हणाली, "वहिनी, दुधी? मेडिकल तर झालं ना गेल्या महिन्यात?"

मी डोळ्याचं सांगितलं. ती हळहळली, आणि मग म्हणाली, "तरीच. आमचे म्हणत होते की तुमच्या मिस्टरांनी या आठवड्यात परत गोळ्या मागून नेल्या."

"कसल्या गोळ्या?"

"त्याच हो, मेडिकलच्या. माझ्या सासऱ्यांच्या प्रेशरच्या गोळ्या असतात ना, त्यांची एक स्ट्रिप आमचे मेडिकलच्या सोमवारी बसमध्ये नेतात. सगळ्यांना देतात, प्रसादासारखी. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. दूध घेऊन मी घरी आले आणि ओट्याशी उभी राहिले. आधी राग आला तो दुधीचा. वर्षानुवर्षं मी दुधी किसत होते आणि त्या पुस्तकातल्या आकड्याचं श्रेय मनातल्या मनात माझ्या दुधीला देत होते. आणि खरी करामत होती शेजारच्या आजोबांच्या गोळीची. मग भीती वाटली. म्हणजे गोळी घेतली की आकडा खाली येत होता. म्हणजे एरवी तो वर होता. वर्षातले बाकीचे सगळे आठवडे तो वर होता, आणि ते त्या डाव्या डोळ्यात लिहिलेलं होतं.

रात्री भांडायचं मी ठरवलं आणि रात्री भांडले नाही. बोलण्यात मी त्याच्यापुढे टिकत नाही. "अगं, ती नुसती सपोर्टला," असं म्हणाला असता, आणि त्यावर मला उत्तर सुचलं असतं ते दुसऱ्या दिवशी. शिवाय त्यानेच मला शिकवलं होतं की पुरवठादाराशी वाद घालून काही मिळत नाही. त्याचा मंगळवार बघायचा असतो.

शनिवारी आठवडा संपला. सगळे आकडे उत्तम. सोमवारी बाईंकडे जायचं होतं. रविवारी सकाळी चहा घेताना तो आपणहून म्हणाला, "आज वडे होऊन जाऊ देत. संपलं एकदाचं." मी बरं म्हटलं. बटाटे उकडले, पापड तळले, लोणच्याची बरणी वरच्या फळीवरून खाली आणली. दिवसभर त्याने कसर भरून काढली. बाल्कनीतून सिगरेटचा वास येत राहिला. संध्याकाळी वड्यांचा दुसरा घाणा काढला तेव्हा मी मुलीला तळमजल्यावर पाठवलं.

तळमजल्यावर एक बंगाली डॉक्टर राहायचे, निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. माझ्या हातच्या वड्यांवर त्यांचा जीव होता. सकाळीच मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं होतं की संध्याकाळी चहाला या, आणि येताना यंत्र आणा. का, ते विचारलं तेव्हा सांगितलं. ते नुसतं "हूँ" म्हणाले होते.

दादा आले, वडे खाल्ले, चहा घेतला. मग पिशवीतून पाऱ्याचं ते लांबट यंत्र काढून टेबलावर उभं केलं. नवऱ्याने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "तुम्ही सांगून जाता का कधी?"

दोन्ही पाय वर घेऊन सोफ्यावर बसला होता, बनियनवर, बोटांना लोणच्याचं तेल. त्याला सगळं समजलं. त्याने हात पुढे केला. याचं मला आजही कौतुक वाटतं.

दादांनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कानाला नळी लावून ऐकलं. पुन्हा दाबला. मग दुसऱ्या हाताला लावला. आकडा सांगायला त्यांनी वेळ घेतला, आणि सांगितला तो फार हळू आवाजात. पुस्तकातल्या आकड्याशी त्याचं काही नातं नव्हतं.

नवऱ्याने वाकून पाऱ्याशेजारच्या रेघा पाहिल्या. मग त्याच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. "दादा, यह मशीन कैलिब्रेट कब किया था?"

दादांना राग आला. "पारा है, बाबा. पारा को क्या होगा?"

"तरी पण. एखाद्या नॉर्मल माणसावर बघून घेऊ," असं माझ्याकडे वळून म्हणाला, आणि दादांना, "इनका लीजिए. इनको कुछ नहीं है."

कारखान्यात म्हणे तसंच करतात. मापकाचा संशय आला की ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे अशा वस्तूवर तो तपासायचा. ती पक्की वस्तू मी. मला हसू आलं. बेसनाचे हात पुसून मी खुर्चीत बसले आणि बाही वर केली.

दादांनी फुगा दाबला. कान देऊन ऐकलं. मग माझ्याकडे चमकून पाहिलं आणि पारा आणखी वर चढवला.

"किती?" नवऱ्याने विचारलं.

दादांनी सांगितलं. त्याच्यापेक्षा जास्त होतं.

"बघा!" नवरा टाळी वाजवायचाच बाकी होता. "मशीनच गड़बड़ है! मी म्हणत नव्हतो?"

 दादांनी पट्टा माझ्या हातावरून सोडवला, स्वतःच्या दंडाला गुंडाळला, आणि स्वतःच फुगा दाबून पाऱ्याकडे बघत ऐकत राहिले. पारा खाली आला. "मेरा ठीक है," ते म्हणाले. "जो रोज़ निकलता है, वही है." यंत्र चांगलं होतं.

गॅसवर कढई तशीच होती. मुलीने उठून गॅस बंद केला. नवरा माझ्याकडे बघत होता, म्हणजे त्याच्या दीड डोळ्यांनी जितकं बघता येईल तितकं. "तुझं शेवटचं कधी मोजलं होतं?" त्याने विचारलं. मी आठवून पाहिलं. मुलीच्या वेळी, बाळंतपणात. मुलगी समोर उभी होती, माझ्या खांद्याला आलेली.

मला तेव्हा जो राग आला तो कुणावर हे अजून ठरलेलं नाही. मी तेच लोणचं खात होते, तेच पापड. उलट मेडिकलच्या आठवड्यात जास्त, कारण त्याच्यासाठी अळणी वेगळं काढलं की उरलेलं वाया कशाला घालवायचं. सकाळी डोकं जड असायचं, ते झोप झाली नाही म्हणून असेल असं मी धरून चालले होते. मला कंपनी नव्हती, नोटीस बोर्ड नव्हता, माझी परीक्षाच कुणी ठेवलेली नव्हती. त्यामुळे मी कधी नापासही झाले नव्हते.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. उजव्या डोळ्याला थोड्या महिन्यांनी लेझर झालं, पण खालचा डाग पूर्ण गेला नाही. आजही जिना उतरताना तो कठड्याला धरतो. डावा शाबूत आहे. गोळी रोज घेतो, सिगरेट सुटली, मीठ अर्धंच सुटलं. पुढच्या मेडिकलला तो मंगळवारचा माणूस म्हणून गेला, आणि गोळी चालू असल्याचं त्याने फॉर्मवर लिहिलं. कंपनीने काही केलं नाही. बसमधली ती समजूत, निदान त्याच्यापुरती, खोटी निघाली. शेजारणीचा नवरा मात्र स्ट्रिप वाटत राहिला, तिचं गिऱ्हाईक काही कमी झालं नाही.

पण मला सांगायचाय तो सोमवार. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आठवड्याचे आकडे लिहिलेला कागद नवऱ्याने खिशातून काढलाच नाही. "मॅडम, वह रीडिंग मत देखिए, वह तैयारी करके लिया था," असं तो म्हणाला, आणि मग गोळी, दुधी, बस, सगळं सांगितलं. पुरवठादाराचा माल परत पाठवताना तो ज्या कोरड्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. प्रेशर ताब्यात राहिलं तर डावा डोळा तुम्हाला साथ देईल, म्हणाल्या. मी इतक्या दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

मग त्याने माझं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आप यहाँ बैठिए," असं मला म्हणाल्या.

थेंब घातले, थांबलो, आणि मग मी त्या यंत्रासमोर बसले. हनुवटी पट्टीवर टेकवली. समोर प्रखर उजेड, त्यामागे बाई, दिसत काहीच नव्हतं. त्यांनी उजवा डोळा पाहिला. मग डावा. मग पुन्हा उजवा. चांगल्या डोळ्यावर बाई वेळ घालवतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे आता मला माहीत होतं.

"कितने साल से है?" उजेडापलीकडून आवाज आला.

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला. माझ्या पाठीमागे उभा होता, त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. तो कोरडा आवाज मात्र राहिला नव्हता.

"पता नहीं, मॅडम. इनका कभी किसी ने देखा ही नहीं."

बाई म्हणाल्या, हलू नका. मी हनुवटी तशीच टेकवून ठेवली.